ट्रक तुमचा, ब्रेक सगळ्यांचे

वाचकाचा पेच : एका वाचकाने चार वर्षांपूर्वी छंद म्हणून २६ वर्षं जुना डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रक घेतला. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, मागच्या बाजूला स्प्रिंगचं काम करणारे पोलादी पाटे. सुरुवातीला एका गॅरेजने चाकाचे नट सैल ठेवून गाडी परत दिली, तेव्हापासून सगळी कामं ते व्हिडिओ बघून स्वतः करतात. गेल्या वर्षी जादा पाटे घालून मागची बाजू उंच केली. नुकतेच मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) आणि त्यांना ढकलणारे व्हील सिलिंडर बदलले. आता ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, पेडल पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की कडक लागतं. ताशी ७० किलोमीटरच्या पुढे खालून थरथर येते. एका मित्राला सुट्टीत दोन मुलांना घेऊन या ट्रकमधून डोंगरातल्या कच्च्या वाटेने जायचं आहे. पत्नी म्हणते, ‘एक तर ट्रक रस्त्यावर आण, नाहीतर अंगणातून काढ.’ वाचक लिहितात, ‘आता गॅरेजात नेला तर चार वर्षं शिकलो ते पाण्यात गेल्यासारखं वाटेल. पण खरं सांगायचं तर मुलांना बसवायची भीतीही वाटते.’

नमस्कार,

भीतीचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझ्या लेखी पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. या अवस्थेत ट्रकमध्ये कुणालाही बसवू नका, स्वतःही तो रस्त्यावर काढू नका. मित्राला आजच फोन करून सांगा की ब्रेकचं काम अर्धवट आहे, सहल दुसऱ्या गाडीने करू किंवा पुढे ढकलू. सबबी शोधत बसू नका. ‘ब्रेक नीट नाहीत’ एवढं ऐकल्यावर कुठलाही बाप पुढे प्रश्न विचारत नाही. एवढं झालं की तारखेचं दडपण जाईल आणि बाकीचा विचार डोकं शांत ठेवून करता येईल.

आता ब्रेककडे येऊ. तुम्ही दोन तक्रारी एकत्र बांधून दोन्हींचा दोष मागच्या कामावर टाकलाय. मी त्या आधी सुट्या करेन.

पेडल पहिल्या दाबात खोल जाणं आणि दुसऱ्या दाबात वर लागणं, हे मागे ड्रम असलेल्या गाडीत बहुतेक वेळा शू आणि ड्रम यांच्यात जादा अंतर राहिल्याचं लक्षण असतं. पहिला दाब शू ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होतो. ब्रेकच्या तेलात हवा राहिली असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर सगळ्या ब्रेकना दाब देणाऱ्या भागावर घ्यायचा. हा संशय जुन्या गाडीत अगदीच हवेतला नसतो. ब्रेकमधली हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबलं जातं, तेव्हा आतले रबरी वॉशर सिलिंडरच्या अशा भागावर घासतात जिथे ते वर्षानुवर्षं गेलेलेच नसतात. तिथे गंजाची पुटं असली की वॉशर फाटतात.

पण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय अॅडजस्टरवर आहे. दातेरी चाकाचे जे अॅडजस्टर शूंमधलं अंतर आपोआप जुळवतात, ते डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे असतात, एकाचे आटे उलटे असतात. दोन्ही ड्रम एकदम उघडले, सगळे भाग एकाच ट्रेमध्ये धुवायला टाकले, की अदलाबदल कधी झाली ते कळतही नाही. मग अंतर कमी करण्यासाठी बसवलेली यंत्रणाच ते दर वेळी वाढवत राहते. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं, स्प्रिंगा बरोबर, पिना बरोबर. बऱ्याच अॅडजस्टरवर ‘एल’ किंवा ‘आर’ असं अक्षर उठवलेलं असतं. काळं तेल आणि धूळ पुसून, विजेरी आडवी धरून बघा. शूही बघा. एका चाकातल्या दोन शूंच्या लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) लांबी वेगवेगळी असेल, तर साधारणपणे आखूड लायनिंगचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला येतो.

ड्रमचं काम नेहमी एका बाजूचं पूर्ण संपवून मगच दुसरी बाजू उघडावी, म्हणजे न उघडलेली बाजू नमुना म्हणून समोर राहते. त्यातली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

डावीकडे ओढणं ही वेगळी गोष्ट. ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, आणि स्टिअरिंग एका बाजूला जात असेल तर मूळ बहुधा पुढेच सापडतं. उजवा कॅलिपर (डिस्कला चिमटून धरणारा भाग) गंजून अडकला असेल. किंवा डावीकडची रबरी होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची नळी, आतून सुटली असेल. बाहेरून ती ठणठणीत दिसते, पण आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, तेल पुढे जातं आणि परत येत नाही, त्यामुळे डावा ब्रेक सुटतच नाही. पुढे डिस्क आहेत एवढं सोडलं, तर तुमच्या पत्रात पुढच्या ब्रेकबद्दल एक शब्दही नाही. हात मागे घातला म्हणून चूकही मागेच असणार, असं तुम्ही गृहीत धरलंय. स्वतः काम करणाऱ्या, त्यातही प्रामाणिक माणसाची ही नेहमीची अडचण. तो पहिला संशय स्वतःवर घेतो आणि तिथेच अडकून बसतो.

चारही चाकं जॅक स्टँडवर उचलून, सोबतच्या माणसाला ब्रेक दाबायला आणि सोडायला सांगा. प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. कुठलं चाक धरत नाही आणि कुठलं सुटत नाही, हे अर्ध्या तासात कळेल. हे तुम्हाला जमण्यासारखं आहे, आणि यात धोकाही कमी.

तुम्ही पाट्यांचं काम आणि ब्रेकचं काम पत्रात दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलंय, जणू त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मागच्या अॅक्सलपासून (चाकांच्या आसापासून) वर चॅसिसकडे (गाडीच्या सांगाड्याकडे) जाणारी एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला व्हॉल्व्ह दिसतो का, ते बघा. बऱ्याच पिकअपमध्ये असतो. मागे माल किती आहे हे त्या व्हॉल्व्हला अॅक्सल आणि चॅसिस यांच्यातल्या अंतरावरून समजतं. ट्रक भरलेला असला की अंतर कमी होतं आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही मागची बाजू उंच केलीत. आता तो व्हॉल्व्ह समजतो की हौदा कायमच रिकामा आहे, आणि सामान, माणसं भरली तरी मागचा दाब आखडता ठेवतो. म्हणजे नवे शू कितीही चांगले असले तरी त्यांच्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नसेल. ती दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. शिवाय चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा मागची ब्रेक होज ताणली जाते का, हेही बघा. कच्च्या वाटेवर चाक तसं लोंबकळणारच आहे.

थरथरही बहुधा तिथूनच आली असावी. पाटे वाढवले की डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं, तोंड थोडं फिरतं. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या, दोन क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) असलेल्या साध्या प्रोपेलर शाफ्टला ट्रान्सफर केसकडची (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याकडची) बाजू आणि डिफरन्शियलकडची बाजू एकमेकींना समांतर लागते, फरक साधारण एक अंशाच्या आत. तो मोबाइलमधल्या कोनमापकानेही मोजता येतो आणि पाट्याखाली पाचर घालून दुरुस्त होतो. शाफ्ट काढला होतात का? काढताना खूण केली नसेल आणि सरकता भाग एखादा दात चुकवून बसला असेल, तर दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत येत नाहीत, आणि मग चाकं कितीही बॅलन्स केली तरी थरथर जात नाही. पाटे अॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत वापरले असतील तर नवे घ्या. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. नवे लावल्यावरही थोडं चालवून परत आवळावे लागतात. पाट्यांच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी असली पाहिजे. हवेत लटकलेली असताना आवळले की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

हे वाचून कदाचित वाटेल, म्हणजे सगळं बिनसवलंच की मी. तसं नाही. या वयाच्या गाडीत एक भाग हलवला की चार भागांचं गणित बदलतं, आणि व्हिडिओ ते सांगत नाही. व्हिडिओत दुसऱ्या वर्षाचं, कधी दुसऱ्याच बाजारातलं मॉडेल असतं, सगळे बोल्ट निमूटपणे सुटतात, आणि काम संपतं तिथे चित्रणही संपतं. तुमच्या मॉडेलचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि चांगला टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा) घ्या. उंची वाढवायला जो खर्च केलात त्याआधी हे व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत.

आता ‘पाण्यात गेलं’ या गोष्टीबद्दल. गॅरेजने चाकाचे नट सैल सोडले, हे अक्षम्य आहे आणि तुमचा राग समजतो. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला पटत नाही. नट सैल राहिले ते तिथला माणूस परका होता म्हणून नव्हे. कुणी दुसऱ्यांदा तपासले नाहीत म्हणून राहिले. आणि गेली चार वर्षं तुमच्या अंगणातही दुसऱ्यांदा तपासणारं कुणी नाही. विमानांच्या देखभालीत, ज्यावर उड्डाणाचा ताबा अवलंबून असतो अशा यंत्रणेचं काम झालं की दुसऱ्या पात्र माणसाने ते स्वतंत्रपणे तपासायचं असतं. पहिल्याचं कौशल्य कमी आहे असं त्यात कुणी मानत नाही. आपलीच चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, एवढंच त्यामागे आहे.

म्हणून तुमचा प्रश्न ‘मी की मेकॅनिक’ असा मांडूच नका. प्रत्येक कामाला दोन गोष्टी विचारा. हे बिघडलं तर कुणाला इजा होईल? आणि ते बरोबर झालंय हे मला कशावरून कळेल? ऑइल, फिल्टर, पट्टे, रेडिएटरचे पाइप, बॅटरीच्या आणि अर्थिंगच्या तारा, क्रॉसना ग्रीस ही कामं बिनधास्त करा. चुकली तर गाडी बंद पडेल किंवा गळेल, आणि चूक दिसेल. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचे बेअरिंग आणि पाटे तुम्ही करू शकता, पण दुसऱ्याच्या तपासणीशिवाय ते काम पूर्ण झालं असं धरू नका. आणि काही कामं सरळ देऊन टाका. चॅसिसवरचं वेल्डिंग, डिफरन्शियलच्या दात्यांचं सेटिंग, डिझेलचा पंप आणि इंजेक्टर. डिझेलच्या उच्चदाबाच्या पाइपवर गळती शोधायला कधीही बोट फिरवू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते.

मेकॅनिक शोधताना असा बघा ज्याचा हात जुन्या, चॅसिसवाल्या गाड्यांवर बसलाय. त्याला आधीच सांगा, ‘ब्रेक मी केलेत, पाटे मी वाढवलेत. मला तपासणी हवी आहे, तिचे पूर्ण पैसे देईन, आणि शक्य असेल तर तपासताना मला शेजारी उभं राहू द्या.’ काहीजण नाही म्हणतील, त्यांचं काही चुकत नाही. जो हो म्हणेल त्याच्यापासून काही लपवू नका. कुठला बोल्ट हरवला म्हणून दुसरा लावला, तेही सांगा. गाडीत दडवलेली दुरुस्ती मेकॅनिकला सगळ्यात जास्त त्रास देते. तुम्ही काय काय केलं हे कळलं तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. ट्रक तिथे चालवत नेऊ नका, टो करून न्या.

काय काय केलं ते मेकॅनिकला सांगता यावं, यासाठी एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय उघडलं, किती टॉर्कने आवळलं, कुठला भाग नवा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाच्या पेनाने एक रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या धातूवर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने बघायचे, काम कुणीही केलेलं असो. सैल नटांचा अनुभव घेतलेल्या तुम्हाला हे सांगायला नकोच.

तुमच्यासारखेच बरेच वाचक जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हवर हात चालवतात, त्यांच्यासाठीही दोन-तीन गोष्टी. डिफरन्शियल, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसचं तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा सोडा. उलटं केलंत तर सगळं तेल खाली आणि नवं भरायला वाट नाही, अशी गत होते. तेलाचा दर्जा मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घ्या. जीएल-४ सांगितलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ ओतलं, तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते बाधू शकतं. पाण्यातून गाडी काढत असाल तर अॅक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याची छिद्रं) साफ ठेवा. गरम झालेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर तुंबलेला असेल तर ती ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते, आणि तेल दुधाळ होतं. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावरचा मानक आकडा १४० अंशांवर येतो. लांब उतारावर हा फरक पायाला जाणवतो. दर दोन वर्षांनी बदलणं बरं.

आणि गाडीखाली शिरण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘छोटं काम असलं की जॅकवरच उरकतो.’ हे आजपासून बंद. काम छोटं असो की मोठं, जॅक फक्त उचलायला, पेलायला स्टँड. जमीन सपाट आणि कडक हवी. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे जागची हलणार नाही, हाही एक भ्रम आहे. टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल त्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाकही फिरू शकतं. ज्या गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यांनाही हेच लागू. त्यामुळे जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. स्टँडवर ठेवल्यावर आत शिरण्याआधी गाडी बाहेरून जोरात हलवून बघा. आणि घरात कुणालातरी सांगून खाली जा.

घरावरून आठवलं, पत्नीचं वाक्य तुम्ही ट्रकविरुद्धची तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते तसं वाटत नाही. ती दोन पर्याय देतेय आणि त्यातला पहिला ट्रक रस्त्यावर आणण्याचाच आहे. कंटाळा आलाय तो ‘पुढच्या रविवारी होईल’ या उत्तराचा. एक काम उघडं असताना दुसरं उघडायचं नाही, असं ठरवा, आणि तिला एकच तारीख द्या जी तुम्ही खरंच पाळाल. तोवर लागणारा खर्चही सांगा, हत्यारांसकट.

मात्र ती तारीख देण्याआधी एक दिवस फक्त चॅसिस बघण्यात घालवा, कारण बाकी सगळा हिशेब चॅसिसवरच उभा आहे. चिखल धुवून काढा. छोट्या हातोडीने ठोकत जा आणि आवाज ऐका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जाड आहे, बद्द आला तर तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा. पाट्यांचे शॅकल (पाट्यांची टोकं चॅसिसला जोडणारे हलते दुवे) जिथे जोडलेत तिथे, मागच्या अॅक्सलच्या वर जिथे चॅसिस वळते तिथे, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवती जास्त वेळ द्या. बंद पेटीसारख्या भागात चिखल अडकून गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरचा काळा रंग बघून समाधान मानू नका. मागच्या मालकाने तो गंजावरच मारलेला असू शकतो. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, प्रायमर लावून काम भागतं, आणि मग ब्रेकवर, शाफ्टवर खर्च करण्यात अर्थ आहे. एखाद्या जागी भोक असेल आणि भोवतालचा पत्रा शाबूत असेल, तर चॅसिसचं वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाकडून अंदाज घ्या. पण पेचकस तीन-चार ठिकाणी आरपार जात असेल, तर नवे शू घालून काही उपयोग नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस चांगले असतील तर त्यांना सुटे भाग म्हणून गिऱ्हाईक मिळतं. अख्खा ट्रक विकायचा झाला, तर चॅसिस गेलेली आहे आणि ब्रेकचं काम अपुरं आहे, हे घेणाऱ्याला लिहून द्या आणि त्याची सही घ्या.